फुप्फुसाचे नाजूक अस्तर : श्वास अचानक का कोंडतो?



२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील घराघरांत काही शब्द शिरले, ते अजून बाहेर गेलेले नाहीत. ‘ऑक्सिजन किती आहे?’, ‘स्कोअर किती आला?’, ‘व्हेंटिलेटरची खाट मिळेल का?’ कधी शाळेची पायरी न चढलेल्या आजीसुद्धा बोटाला चिमटा लावून त्यावरचा आकडा वाचायला शिकल्या. परंतु तो आकडा खाली का जातो, छातीच्या आत नेमके काय बिघडते, हे फार थोड्या लोकांना कोणी नीट समजावून सांगितले. ‘फुप्फुसात पाणी झाले आहे’ एवढेच ऐकून नातेवाइकांनी कागदावर सह्या केल्या. हे पाणी कोठून आले, ते कोणी आत येऊ दिले आणि बाहेर का काढता येत नाही, याची माहिती विद्यार्थ्यांना व पालकांना व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूने झालेला भारतातील तो पहिला मृत्यू होता. पुढे ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण आढळले, तेही पुण्यातच. दोन्ही विषाणू वेगळे, त्यांची कुळे वेगळी. पण गंभीर रुग्ण दगावण्याची रीत बरीचशी एकच होती. डॉक्टर तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एआरडीएस म्हणतात. मराठीत ‘तीव्र श्वसनबाधा’ म्हणता येईल. हा एक रोग नव्हे. अनेक रोगांच्या वाटा ज्या एका खड्ड्यात येऊन पडतात, त्या खड्ड्याचे हे नाव आहे.

आधी रचना समजून घेऊ. आपण नाकाने घेतलेली हवा श्वासनलिकेतून, तिच्या फांद्या-उपफांद्यांतून शेवटी अगदी बारीक फुग्यांत पोहोचते. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून जमिनीवर पसरता आले, तर पाऊण ते एक गुंठा जागा व्यापतील. एवढे मोठे रान निसर्गाने छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून बसवले आहे. प्रत्येक वायुकोशाला केशवाहिन्यांचे जाळे लपेटलेले असते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये पडदा. हा पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकाही जाड नसतो. रक्तातील तांबडी पेशी वायुकोशाजवळून जाते ती जेमतेम पाऊण सेकंदात, आणि तेवढ्यात तिला प्राणवायू उचलायचा असतो. पडदा इतका पातळ आहे म्हणूनच ते साधते.

या पडद्याला दोन अस्तरे आहेत. रक्ताच्या बाजूचे अस्तर केशवाहिनीच्या आतल्या पेशींचे, आणि हवेच्या बाजूचे अस्तर वायुकोशाच्या पेशींचे. हवेच्या बाजूला दोन प्रकारच्या पेशी राहतात. पहिल्या प्रकारच्या पेशी ज्वारीच्या भाकरीसारख्या थापून पसरलेल्या असतात. वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्याच झाकतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी आकाराने ठेंगण्या, चौकोनी, कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेल्या. त्या पृष्ठभाग जेमतेम ५ टक्के झाकतात, पण संख्येने पहिल्यांपेक्षा जास्त आहेत आणि कामाचा बहुतेक भार त्यांच्यावरच आहे. (आपल्या घरातही जागा कोण व्यापतो आणि काम कोण करतो, हे ज्याने त्याने पाहावे.)

दुसऱ्या प्रकारच्या पेशींची कामे तीन. एक, त्या सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात. वायुकोशाची आतली बाजू ओलसर असते, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला आक्रसण्याची ओढ असते. ती ओढ तशीच राहिली तर श्वास सोडताना कोट्यवधी वायुकोश मिटून चिकटतील. सर्फॅक्टंट ती ओढ कमी करतो. दोन, पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या की याच पेशी विभागून, पसरून त्यांची जागा घेतात; म्हणजे बियाणेही याच. तीन, वायुकोशात झिरपलेले पाणी बाहेर काढतात. पेशीच्या हवेकडील बाजूस सोडियमसाठी दारे असतात. तेथून सोडियम आत येतो, आणि पाठीमागच्या बाजूचा पंप तो ऊर्जा खर्चून बाहेर टाकतो. सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. पहिल्या प्रकारच्या पेशीही या कामास हातभार लावतात.

हा निचरा आपल्या भागातील माणसाला पुस्तकापेक्षा शेतातून चटकन कळेल. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर बारामती-इंदापूरच्या जिराईत माळावर ऊस उभा राहिला. पण जेथे पाणी भरमसाट दिले आणि निचरा नव्हता, तेथे जमिनी चिबड झाल्या, मीठ वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास केला होता. चिबड रानात पाणी भरपूर असूनही पीक पिवळे पडते, कारण मुळांना हवा मिळत नाही. तीव्र श्वसनबाधेतील फुप्फुस हे असेच चिबडलेले रान आहे. फरक एवढाच की शेताला बिघडायला वर्षे लागतात, फुप्फुसाला दोन-तीन दिवस पुरतात.

अस्तरच बिघाडाला हातभार कसे लावते?

पूर्वी असे समजत की या आजारात अस्तराच्या पेशी केवळ मार खातात. आता चित्र वेगळे दिसते. या पेशी मार खातात आणि नंतर त्याच मार वाढवतातही. हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

विषाणूचे उदाहरण घेऊ. कोरोनाचा विषाणू एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, आणि हे प्रथिन दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर असते. २००९ चा फ्लूचा विषाणूही फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरून या पेशींत वाढू शकत असे. म्हणजे घाव पडला तो नेमका सर्फॅक्टंट करणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या आणि पाणी उपसणाऱ्या पेशीवर. पेशी मरू लागताच शेजाऱ्याशेजाऱ्यांतील घट्ट सांधे सुटतात. हवेकडील अस्तर हे दोहोंपैकी जास्त घट्ट अस्तर असते. रक्ताकडील अस्तर थोडे गळले तरी ते पाणी अडवते. तेच फुटले की रक्तातील प्रथिनयुक्त द्रव वायुकोशात येतो.

यानंतर पेशी धोक्याचा संदेश सोडते. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ अशी या रसायनांची नावे आहेत. इंटरल्युकिन-८ च्या हाकेला धावून येतात त्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. त्या जंतू मारण्यासाठी जी रसायने ओततात, त्यांनी निरोगी अस्तरही भाजून निघते. भाजलेले अस्तर पुन्हा हाक देते. चोराच्या मागे लागलेल्या गर्दीने उभे पीक तुडवावे, तसा हा प्रकार होतो. त्याच वेळी जखमी अस्तर रक्त गोठविणारी द्रव्ये बाहेर टाकते आणि गुठळी विरघळविण्याची क्रिया थोपवते. परिणामी वायुकोशाच्या भिंतीवर फायब्रिनचा आणि मृत पेशींचा थर साचतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो काचेसारखा चकचकीत दिसतो. प्राणवायूला आता पातळ पडद्याऐवजी हे लिंपण ओलांडायचे असते.

आणि पंप? रक्तातील प्राणवायू घटला की पेशी आपले सोडियमचे पंप पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. ऊर्जा वाचवण्याचा तो त्यांचा मार्ग असावा. पण ज्या घडीला पाणी उपसण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच घडीला मोटार बंद पडते. अमेरिकेतील वेअर आणि मॅथे यांनी २००१ मध्ये दाखवले की अशा रुग्णांपैकी अर्ध्याहून अधिक जणांत पाणी बाहेर काढण्याची शक्ती क्षीण झालेली असते, आणि ज्यांची ती शाबूत असते त्यांच्यात वाचण्याचे प्रमाण जास्त असते.

प्रत्येक वेळी सुरुवात हवेच्या बाजूनेच होते असे नाही. आतडे फुटले, बाळंतपणात जंतुसंसर्ग झाला, पायाची जखम चिघळून जंतू रक्तात गेले, तर पहिला तडाखा रक्ताकडील अस्तराला बसतो. रोग पोटात असतो आणि दम छातीत लागतो. ‘पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट, त्याला व्हेंटिलेटर कशाला?’ असा संशय नातेवाइकांच्या मनात येतो, त्याचे उत्तर येथे आहे. मलेरिया, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस यांतही हे घडू शकते.

आपल्या शेतकरी भागासाठी दोन कारणे मुद्दाम सांगतो. पहिले, पॅराक्वाट नावाचे तणनाशक. वायुकोशाच्या पेशींत शरीरातील काही उपयुक्त द्रव्ये आत ओढून घेणारी यंत्रणा असते. पॅराक्वाटची रचना त्या द्रव्यांसारखी असल्याने पेशी फसते आणि विष रक्तातून स्वतःच आपल्यात ओढून साठवते. मग ते प्राणवायूशी प्रक्रिया करीत पेशीला आतून जाळत राहते. म्हणूनच या विषबाधेत डॉक्टर अगदी निकड असल्याशिवाय जादा ऑक्सिजन देत नाहीत. यावर खात्रीचा उतारा नाही. एक घोटही प्राणघातक ठरू शकतो. हे औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवणे हा निष्काळजीपणा नव्हे, त्याला याहून कठोर शब्द हवा. दुसरे कारण कालव्यात किंवा उजनीच्या पाण्यात बुडणे. नाकातोंडातून आत गेलेले पाणी सर्फॅक्टंट धुऊन नेते. वर काढलेला मुलगा बोलू लागला, तरी काही तासांनी त्याचा श्वास बिघडू शकतो. म्हणून त्याला घरी न नेता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.

दारूचाही येथे थेट संबंध आहे. आपण दारूचे दुष्परिणाम सांगताना यकृतावर थांबतो. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र श्वसनबाधेचा धोका असलेल्या ३५१ गंभीर रुग्णांपैकी दारूचे व्यसन असलेल्या ४३ टक्के जणांना ती झाली. व्यसन नसलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. पुढील संशोधनातून कारणही कळले. अति मद्यपानाने फुप्फुसातील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य कमी होते आणि अस्तराचे सांधे सैल पडतात. रोज पिणारा माणूस दिसायला धडधाकट असतो. न्यूमोनिया झाल्यावर हा सैलपणा उघडा पडतो.

थोडा इतिहास

१९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील डेन्व्हर येथील अॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हाइन यांनी १२ रुग्णांची हकिकत लिहिली. कोणाला अपघात, कोणाला न्यूमोनिया, कोणाला स्वादुपिंडाचा दाह. पण सर्वांची फुप्फुसे एकाच तऱ्हेने ताठ आणि ओली झाली होती. त्यांना हे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आजारासारखे वाटले. त्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी बाळांच्या श्वासनलिकेत बाहेरून सर्फॅक्टंट सोडून त्यांना वाचवले. आज सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली कितीतरी बाळे त्यामुळे जगतात.

मग मोठ्या माणसांना तेच औषध का देत नाहीत? देऊन पाहिले, एकदा नव्हे अनेकदा. मृत्यू कमी झाले नाहीत. बाळाचे अस्तर कोवळे असते, पण फाटलेले नसते. त्याला फक्त सर्फॅक्टंटची उणीव असते. मोठ्या रुग्णाच्या वायुकोशात रक्तातील प्रथिने भरलेली असतात, ती बाहेरून दिलेला सर्फॅक्टंटही निकामी करतात. पंप चालू करण्याचाही प्रयत्न झाला. दम्यासाठी वापरतात ते साल्ब्युटामॉल सोडियमचा निचरा वाढवते, म्हणून ब्रिटनमध्ये ते शिरेतून देऊन पाहिले. २०१२ मध्ये निष्कर्ष आला : औषध दिलेल्यांत ३४ टक्के मृत्यू, न दिलेल्यांत २३ टक्के. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. प्रयोगशाळेत जे बरोबर दिसते ते खाटेवरच्या माणसाला उपयोगी पडेलच असे नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या उदाहरणावरून शिकावे.

खरा फायदा झाला तो अस्तराला आणखी इजा न करण्यातून. व्हेंटिलेटर अस्तर बरे करीत नाही. तो वेळ मिळवून देतो. रुग्णाच्या फुप्फुसाचा बराच भाग पाण्याने भरलेला किंवा मिटलेला असतो. उघडा राहिलेला भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच असतो. त्यात मोठ्या माणसाची हवा कोंबली की चांगल्या पेशीही ताणून फाटतात, आणि ताणलेल्या पेशी वर सांगितलेले तेच संदेश सोडू लागतात. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या अभ्यासात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, फक्त लहान श्वास. २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी दाखवले की व्हेंटिलेटरवरील गंभीर रुग्णांना दिवसातील बराच वेळ पालथे ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर येतात. पालथे झाल्यावर पाठीकडील दबलेले वायुकोश उघडतात आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. कोरोनाच्या वॉर्डात रुग्णांना पालथे झोपवलेले पाहून अनेकांना ते विचित्र वाटले होते. त्यामागे हे कारण होते.

डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉईडबद्दलही सांगितले पाहिजे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरील कोरोना रुग्णांचे मृत्यू त्याने ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. गर्दी आवरण्याचे हे औषध आहे. गर्दी जमण्याआधी दिले तर विषाणूशी लढणारेच घरी पाठवल्यासारखे होते. २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी, ऐकीव माहितीवर ज्यांनी ते घेतले, त्यांतील मधुमेही रुग्णांना काळ्या बुरशीने गाठण्याचा धोका वाढला.

कधी धावपळ करावी?

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त वेळा चालणे, एक वाक्य एका दमात पुरे न होणे, ओठ-नखे निळसर होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, लहान मुलाच्या फासळ्यांखाली खड्डा पडणे : यांतील एकही दिसले तर उद्याची वाट पाहू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास मोजायला घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट पुरे. ऑक्सिमीटर असल्यास ९४ पेक्षा कमी आकडा धोक्याचा समजावा. हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून निघाले ते जपानचे ताकुओ आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, नेमके त्यांचे यंत्र जगभर घराघरांत पोहोचत असताना. एक सावधगिरी मात्र ठेवावी. काळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे अमेरिकेत २०२० मध्ये पुढे आले. आकडा बरा आणि माणूस धापा टाकतोय, असे असेल तर माणसावर विश्वास ठेवावा. पूर्वी असा रुग्ण शंभर किलोमीटरवरील पुण्याला न्यावा लागे. २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे अंतर काहीसे कमी झाले आहे.

जे वाचतात त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या पेशी पुन्हा वाढतात, पसरून पहिल्या प्रकारच्या होतात, आणि काही आठवड्यांत-महिन्यांत अस्तर पुन्हा विणले जाते. काही जणांत मात्र या पेशी अर्ध्या वाटेवर अडकतात, धड ही नाही धड ती नाही, आणि तेथे व्रण तयार होतो. असे का होते, यावर सध्या बरेच संशोधन चालू आहे. टोरांटो येथे १०९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला, त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. फुप्फुसाच्या चाचण्या जवळजवळ पूर्ववत होत्या. पण सहा मिनिटांत ते सरासरी ४३६ मीटर चालत, म्हणजे अपेक्षित अंतराच्या ७६ टक्के. अतिदक्षता विभागात झिजलेले स्नायू पूर्ण भरून आलेले नव्हते. तेव्हा अशा आजारातून उठलेला ऊसतोड करणारा भाऊ वर्षभरानंतरही मोळी डोक्यावर घेताना थांबत असेल, तर तो आळशी झाला असे घरच्यांनी म्हणू नये. त्याला रोज थोडे थोडे वाढवत चालायला लावावे, अंडी-डाळी खायला घालाव्यात, आणि बिडी पुन्हा हातात येऊ देऊ नये.